सव्वादोनशे मैलांची पायवाट आणि तीन शाहिरांचे स्वप्न

पुण्याच्या मार्केट यार्डात उजाडण्याआधीच दिवस सुरू होतो. सोलापूर, नगर आणि साताऱ्याच्या रस्त्यांनी आलेल्या मालगाड्या गाळ्यांसमोर लागतात, आडत्यांची लगबग सुरू होते आणि डोक्याला फडके गुंडाळलेले हमाल पाठीवर पोते घेऊन चालू लागतात. पोत्यातला माल कोणा ना कोणाच्या शेतातला असतो. तो उचलणाराही बहुधा एखाद्या शेतातूनच आलेला असतो. कोरडवाहू जमिनीचा तुकडा पोट भरीनासा झाला, की माणूस गाव सोडतो. सोबतीला गावचाच कोणी असला तर त्याच्याबरोबर खोली घेतो, एका चुलीवर भाकरी भाजतो आणि रात्री दोघे मिळून परत जाण्याच्या गोष्टी करतात. चार पैसे साठले की विहीर खोदायची, एक जनावर घ्यायचे, घरावर पत्रे टाकायचे.

हे स्वप्न जगभरातल्या फिरत्या शेतमजुरांचे आहे. अमेरिकन कादंबरीकार जॉन स्टाइनबेक यांनी १९३७ मध्ये 'ऑफ माइस अँड मेन' ही छोटेखानी कादंबरी लिहिली. कॅलिफोर्नियातील मोठमोठ्या शेतांवर मजुरी करीत हिंडणारे जॉर्ज आणि लेनी हे दोन मित्र तिचे नायक. लेनी अंगाने दांडगा आणि बुद्धीने लहान मुलासारखा; जॉर्ज त्याला सांभाळणारा. आपली थोडी जमीन असावी, तिच्यात राबावे आणि पिकेल ते खावे, एवढेच त्यांचे मागणे. कामावर हात गमावलेला एक म्हातारा मजूर आपली पुंजी घेऊन त्या स्वप्नात सामील होतो. शेवटी ते स्वप्न मोडते आणि मैत्रीही अत्यंत करुण रीतीने संपते.

मराठीत असे स्वप्न पाहणाऱ्या माणसांची कथा लिहिणारा लेखक त्या माणसांमधूनच आला होता. तो स्वतः गाव सोडून पायी चालत शहरात आला होता, त्याने हमाली केली होती आणि कोळसा वेचला होता. साहित्यरत्न, लोकशाहीर अण्णाभाऊ साठे हे त्याचे नाव.

वारणेच्या खोऱ्यातून

अण्णाभाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे झाला. वाळवा तालुक्यातील हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगली जिल्ह्यात आहे. मूळ नाव तुकाराम. वडील भाऊराव, आई वालुबाई. घर मातंग समाजातले. गावाच्या कडेला वस्ती आणि वर्षाचे बारा महिने अपुरी भाकरी, असा तो संसार होता. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये केलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याचा ससेमिरा अशा वस्त्यांमागे पिढ्यान्‌पिढ्या लागलेला होता. गावात कोठेही चोरी झाली की संशयाची सुई आधी इकडे वळे. हजेरी देणे आणि परवानगीवाचून गाव न सोडणे हे प्रौढ पुरुषांच्या नशिबी होते. हा कायदा रद्द होण्यास १९५२ साल उजाडावे लागले.

तुकारामचे शालेय शिक्षण जवळजवळ झालेच नाही. तो शाळेत गेला तो जेमतेम दीड दिवस, असे त्यांचे चरित्रकार नोंदवितात. मात्र रानावनातली भटकंती, दांडपट्टा, पोवाडे, लोकगीते आणि थोरांच्या तोंडून ऐकलेल्या शूरांच्या हकिकती यांचे शिक्षण भरपूर झाले. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या फकिराची कथा त्याने याच वयात ऐकली. ती त्याच्या मनात जवळजवळ तीन दशके मुरत राहिली.

भाऊराव मुंबईत साहेबांच्या बंगल्यांवर माळीकाम करीत. गावाकडे दुष्काळाचे दिवस आले. मुलांना शहरात नेले तर दोन अक्षरे शिकतील, या आशेने त्यांनी कुटुंब हलविण्याचे ठरविले. गाडीभाड्याला पैसे नव्हते. १९३१-३२ च्या सुमारास हे कुटुंब वाटेगावहून पायी निघाले. मुंबईपर्यंतचे अंतर सुमारे सव्वादोनशे मैल. मिळेल तेथे मजुरी करायची, मिळेल ते खायचे आणि पुढच्या मुक्कामाकडे निघायचे, असा तो प्रवास महिनोन्‌महिने चालला. साताऱ्याहून मुंबईकडे जाणारी वाट पुण्यावरून आणि पुढे बोरघाटातून उतरते. आज ज्या महामार्गावरून भाजीपाल्याच्या गाड्या तासाभरात घाट ओलांडतात, त्याच दिशेने अकरा-बारा वर्षांचा एक मुलगा अनवाणी चालत गेला.

शहराने दिलेली अक्षरे

मुंबईत भायखळ्याच्या चाळीत बिऱ्हाड झाले. तुकारामने हाताला येईल ते काम केले. कोळसे वेचले, फिरत्या कापडविक्रेत्याचे गाठोडे डोक्यावर वाहिले, ओझी उचलली आणि पुढे गिरणीत कामाला लागला. अक्षरओळख झाली ती दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाच्या जाहिराती वाचता वाचता. चित्रपटाचे वेड मोठे होते. त्या वेडानेच त्याला वाचता येऊ लागले असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

माटुंग्याच्या लेबर कॅम्पमध्ये त्यांच्या जीवनाला वळण लागले. ही वस्ती म्हणजे गावोगावचे भूमिहीन मजूर एकत्र येण्याचे ठिकाण होते. महाडच्या सत्याग्रहाच्या उभारणीत भाग घेतलेले आर. बी. मोरे यांच्यासारखे कार्यकर्ते तेथे कम्युनिस्ट पक्षाचे काम करीत होते. त्यांच्या सहवासात तरुण तुकाराम सभांना जाऊ लागला, सतरंज्या अंथरू लागला, पत्रके वाटू लागला. याच वस्तीतील डासांच्या उपद्रवावर त्याने एक पोवाडा रचला आणि वस्तीने तो डोक्यावर घेतला. आपल्या रोजच्या त्रासाचेही गाणे होऊ शकते, याची ओळख त्या माणसांना बहुधा पहिल्यांदाच झाली. मॅक्झिम गॉर्की हा त्यांचा आवडता लेखक ठरला. गॉर्कीही मजुरी करीत रशियाभर भटकलेला होता.

गिरणीतले काम सुटल्यावर ते काही काळ गावी परतले आणि नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात सामील झाले. ढोलकी, वग, सवाल-जवाब आणि प्रेक्षकाला हसवता हसवता अंतर्मुख करण्याची कला त्यांनी तेथे आत्मसात केली. १९४२ च्या आंदोलनात वाटेगाव परिसर धगधगत होता. त्या धामधुमीत त्यांच्यावर वॉरंट निघाले आणि ते पुन्हा मुंबईला आले. या वेळी त्यांच्या हातात गाठोड्याऐवजी डफ होता.

तीन शाहीर, एक डफ

१९४४ मध्ये लाल बावटा कलापथक स्थापन झाले. त्याचे तीन खांब होते. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर.

अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब पटेल. जन्म १९१६ मध्ये बार्शीचा. घरची परिस्थिती बेताची, पण आईच्या ओव्या आणि गाणी कानावर पडलेली. त्यांनी मोटारगाडीवर क्लीनरचे काम केले, बार्शीच्या गिरणीत मजुरी केली, संपात उडी घेतली आणि तुरुंगवासही भोगला. त्यांचा पहाडी आवाज ध्वनिक्षेपकावाचून हजारोंच्या सभेच्या टोकापर्यंत पोहोचत असे. गव्हाणकर हे शाहीर, कवी आणि संघटक. एक मातंग, एक मुसलमान आणि त्यांच्या जोडीला गव्हाणकर. तिघांच्या जाती-धर्माची चौकशी कोणालाही करावीशी वाटू नये, इतकी ही मैत्री एकजीव झाली.

या मैत्रीचे स्वरूप समजून घेण्यासारखे आहे. जॉर्ज आणि लेनी यांना एकत्र ठेवणारे स्वप्न खासगी होते. दोघांची जमीन, दोघांचे घर. कोणी तिसरा आला तर त्याला पैशाचा वाटा घालावा लागे. या तीन शाहिरांनी स्वतःसाठी जमिनीचा तुकडा मागितला नाही. कसणाऱ्याला जमीन, राबणाऱ्याला मान आणि मराठी माणसाला त्याचे राज्य, अशी त्यांची मागणी होती. स्वप्नच एवढे ऐसपैस होते की त्यात चौकात उभा राहून ऐकणारा प्रत्येक माणूस सामावत असे. गिरणगावातल्या चाळीत, शेतकऱ्यांच्या परिषदांत, खेड्यांच्या पारावर हे पथक जाई. मिळेल ते खाई आणि मिळेल तेथे झोपे. बंगालमध्ये १९४३ साली भीषण दुष्काळ पडला, तेव्हा अण्णाभाऊंनी त्या उपासमारीवर 'बंगालची हाक' हा पोवाडा रचला. महायुद्धाच्या काळातच त्यांनी 'स्टालिनग्राडचा पोवाडा' लिहिला. वारणेकाठी वाढलेल्या शाहिराने व्होल्गेकाठच्या लढाईवर कवन रचावे, यावरून त्यांच्या सहानुभूतीचा पल्ला लक्षात येतो.

तमाशाला त्यांनी नवे रूप दिले. पारंपरिक तमाशात आधी गण, मग गवळण, मग बतावणी असा क्रम असतो. अण्णाभाऊंनी गणातील देवतेच्या स्तुतीच्या जागी मायभूमीला आणि तिच्यासाठी झुंजलेल्यांना वंदन आणले. गवळण वगळली. सावकार, पुढारी, काळाबाजारवाले आणि मंत्री यांना वगात उभे केले. 'अकलेची गोष्ट', 'शेटजींचे इलेक्शन', 'देशभक्त घोटाळे', 'लोकमंत्र्यांचा दौरा', 'माझी मुंबई' अशी त्यांची लोकनाट्ये गाजली. लोकनाट्य या प्रकाराला प्रतिष्ठा मिळवून देण्यात या पथकाचा वाटा मोठा होता.

स्वातंत्र्य आल्यानंतरही पोटाचे प्रश्न सुटले नाहीत, हे ही मंडळी उघडपणे मांडीत राहिली. त्याची किंमत मोजावी लागली. मुंबई सरकारने लाल बावटा कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. पथक विस्कटले. पुढे अमर शेख यांनी स्वतःचे कलापथक काढले आणि मित्रांच्या वाटा काही काळ वेगळ्या झाल्या. परंतु संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने त्यांना पुन्हा एका व्यासपीठावर आणले.

गावात राहिलेली मैना

६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्याच्या टिळक स्मारक मंदिरात संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली. पुढच्या चार वर्षांत शाहिरांनी महाराष्ट्र पिंजून काढला. अण्णाभाऊंची 'माझी मैना' ही छक्कड याच लढ्यातली. पोटासाठी मुंबईत आलेल्या मजुराने गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीने झुरावे, अशी तिची सुरुवात आहे. निरोपाचा क्षण, वाटेतली घालमेल, शहरातली श्रीमंती आणि तिच्या सावलीतली बेकारी यांचे वर्णन करीत ती छक्कड हलकेच राजकारणाकडे वळते. बेळगाव, कारवार, डांग हे मराठी मुलूख राज्याबाहेर राहिल्याची खंत आणि बायको गावी राहिल्याची खंत एकच होऊन जाते.

या रचनेचे सामर्थ्य येथेच आहे. सीमाप्रश्नाचे नकाशे आणि आकडेवारी मजुराला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ताटातूट मात्र त्याला ठाऊक होती. गिरणगावातल्या कामगारांची कुटुंबे बहुधा कोकणात आणि घाटावर राहिलेली असत. एकेका खोलीत दहा-पंधरा पुरुष पाळीपाळीने झोपत. त्या खोल्यांमध्ये ही छक्कड पोहोचली. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. तिघा मित्रांच्या स्वप्नातील एक हिस्सा खरा झाला. बेळगावचा प्रश्न मात्र मागे राहिला.

फकिरा आणि भीमा

पन्नाशीच्या दशकात अण्णाभाऊ कथा-कादंबऱ्यांकडे अधिक वळले. घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत राहून त्यांनी झपाट्याने लेखन केले. तीसहून अधिक कादंबऱ्या, अनेक कथासंग्रह, नाटके, पोवाडे आणि 'माझा रशियाचा प्रवास' हे प्रवासवर्णन असा हा पसारा आहे. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'फकिरा'ला १९६१ मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. ही कादंबरी त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीस अर्पण केली. त्याच वर्षी त्यांचा रशियाचा प्रवास घडला. 'वैजयंता' ही कादंबरी १९६१ मध्ये, तर 'फकिरा' १९६३ मध्ये पडद्यावर आली.

फकिरा हा दुष्काळात धान्य लुटून उपाशी वस्तीत वाटणारा बंडखोर. तो एकटा नाही. त्याच्यासोबत सावळा आणि इतर जिवाभावाचे सवंगडी आहेत. हे सारे एकमेकांसाठी मरायला तयार असलेले लोक आहेत आणि अखेर आपल्या माणसांच्या सुटकेसाठीच फकिरा सरकारच्या स्वाधीन होतो. 'माकडीचा माळ'मध्ये उघड्या माळावर पाल ठोकून राहणाऱ्या भटक्या जमातींचा संसार आहे. 'बरबाद्या कंजारी' या कथेचा नायक जातपंचायतीच्या दंडाला जुमानत नाही.

मात्र मजुराच्या एकाकीपणाची त्यांची सर्वांत भेदक कथा 'स्मशानातील सोनं' ही आहे. वारणेच्या खोऱ्यातून मुंबईला आलेला भीमा अंगाने पैलवान आहे. उपनगरातल्या दगडाच्या खाणीत तो काम करतो. खाण बंद पडते. कामावाचून भटकताना स्मशानातील राखेत त्याला सोने सापडते आणि मृतांच्या अंगावरचा दागिना हेच त्याच्या उपजीविकेचे साधन होते. एका रात्री पुरलेले प्रेत उकरताना कोल्ह्यांशी त्याची झुंज होते. प्रेताच्या जबड्यात बोटे अडकतात आणि ती गमवावी लागतात. त्याच सुमारास खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. डोंगर फोडणारा हा माणूस लहान मुलासारखा रडतो.

लेनी आणि भीमा यांच्यात एक विलक्षण साम्य आहे. दोघांच्या अंगात अफाट बळ आहे आणि त्या बळावाचून विकण्याजोगे त्यांच्यापाशी काहीही नाही. ते बळच दोघांच्या नाशाला कारण होते. फरक आहे तो सोबतीचा. लेनीच्या शेजारी शेवटपर्यंत जॉर्ज आहे. भीमाच्या घरी बायको आणि मुलगी आहे, पण कामाच्या जागी त्याच्या बाजूने बोलणारा कोणी नाही. खाण बंद झाली तेव्हा मजूर पांगले. संघटना नव्हती, भरपाई नव्हती, पुन्हा काम केव्हा निघेल हे सांगणाराही नव्हता. चार दिवस तग धरता आला असता तर भीमाचा हात वाचला असता. मजुराला मित्र का लागतो, याचे उत्तर अण्णाभाऊंनी या कथेत एकही उपदेश न करता दिले आहे.

२ मार्च १९५८ रोजी मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्‌घाटन अण्णाभाऊंनी केले. पृथ्वी शेषनागाच्या मस्तकावर नसून दलित आणि श्रमिकांच्या तळहातावर तरली आहे, हा त्यांनी तेथे मांडलेला विचार पुढच्या साहित्य चळवळींना पुरला.

सहा आठवड्यांचे अंतर

गर्दीसाठी लिहिणाऱ्या या लेखकाचे अखेरचे दिवस गर्दीपासून दूर गेले. पुस्तकांच्या आवृत्त्या निघत होत्या, चित्रपट चालत होते, पण घरात पैसा टिकत नव्हता. प्रकृती ढासळली, संसार विस्कटला, जुने सहकारी आपापल्या वाटेने गेले. गोरेगावच्या सिद्धार्थनगरमध्ये १८ जुलै १९६९ रोजी त्यांचे निधन झाले. पन्नाशीही गाठता आली नाही. त्याआधी सातच महिने, २० डिसेंबर १९६८ रोजी, नोबेल पारितोषिकाने गौरविलेले स्टाइनबेक न्यूयॉर्कमध्ये निवर्तले होते.

अण्णाभाऊंनंतर बरोबर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्ट १९६९ रोजी, पुणे जिल्ह्यातील इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख यांचा मृत्यू झाला. ज्या आवाजाने अण्णाभाऊंचे शब्द महाराष्ट्रभर नेले होते, तोही थांबला.

त्याच १९६९ साली महाराष्ट्रात एक महत्त्वाची गोष्ट घडली. माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांसाठी राज्याने स्वतंत्र कायदा केला. ओझी वाहणाऱ्या मजुराचा मालक कोण, हा प्रश्न तोवर अनुत्तरित होता. आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर काम करणाऱ्याला भविष्यनिर्वाह निधी कोण देणार? या कायद्याने त्यासाठी मंडळाची व्यवस्था आणली. हमालाची नोंदणी मंडळाकडे होते, व्यापारी हमालीबरोबर ठराविक टक्के रक्कम मंडळात भरतो आणि त्यातून निधी, बोनस, रजेचा पगार यांची तरतूद होते. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींना संघटित केले होते. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर हमाल पंचायत उभी केली होती. नाना पेठ, भवानी पेठेतला घाऊक बाजार पुढे गुलटेकडीला आला, तशी हमालांची संघटनाही मार्केट यार्डात रुजली. १९७४ मध्ये पंचायतीने 'कष्टाची भाकर' ही स्वस्त जेवणाची केंद्रे सुरू केली. हमालनगर ही हमालांची स्वतःची वसाहतही उभी राहिली. जॉर्ज आणि लेनी ज्या घराची नुसती गोष्ट एकमेकांना सांगत राहिले, ते येथे हमालांनी वर्गणी आणि चिकाटीच्या जोरावर बांधले. याचा अर्थ कष्ट संपले असा नाही. नोंदणीबाहेरचे मजूर आजही पुष्कळ आहेत आणि पाठीवरचे पोते पोतेच आहे. पण भीमाला जे मिळाले नाही, ते काही हजार माणसांना मिळाले, हेही खरे.

अण्णाभाऊंना मृत्यूनंतर मानमरातब लाभले. १ ऑगस्ट २००२ रोजी टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले. २०२० मध्ये त्यांची जन्मशताब्दी झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोतील परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा उभा राहिला. पुण्यात सारसबागेजवळच्या त्यांच्या पुतळ्यापाशी दरवर्षी १ ऑगस्टला वस्त्यावस्त्यांतून मिरवणुका येतात. त्यांत हलगी असते, बायका-मुले असतात आणि सुट्टी टाकून आलेले हमाल, सफाई कामगार, बांधकामावरचे मजूर असतात. यांतील अनेकांच्या घरात पुस्तकांचे कपाट नाही. तरीही फकिरा त्यांना ठाऊक आहे आणि मैना कोणाची, हेही ठाऊक आहे.

लेखकाच्या कीर्तीचे मोजमाप पुतळ्यांच्या संख्येवरून करण्याची रीत आहे. अण्णाभाऊंच्या बाबतीत ती अपुरी पडते. गाव सोडून आलेल्या माणसाला त्यांनी त्याची स्वतःची कथा दिली आणि ती एकट्याने वाचण्याऐवजी चारचौघांत गाण्याची सवय लावली. त्यांचे दोन्ही मित्र त्या गाण्यात सामील झाले होते, म्हणून ते इतके दूर गेले.